रस्ते ओस पडले, मग अपघाती मृत्यू त्याच मापाने का घटले नाहीत?

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

कोरोनाच्या टाळेबंदीत रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तेव्हा अपघाती मृत्यूही गाड्यांच्या बरोबरीने उतरले असणार, असं कोणालाही वाटेल. २०२० आणि २०२१ चे निरनिराळ्या देशांचे अधिकृत आकडे चाळायला घेतले आणि हा अंदाज पहिल्याच देशात आपटला.

अमेरिकेत २०२० मध्ये वाहनांनी कापलेलं एकूण अंतर साधारण ११ टक्क्यांनी घटलं. पोलिसांकडे नोंदलेले अपघात २२ टक्क्यांनी कमी झाले, जखमी १७ टक्क्यांनी. आणि मृत्यू? २०१९ ला ३६ हजारांच्या थोडे वर होते, ते २०२० ला जवळपास ३९ हजारांवर गेले. दर दहा कोटी मैलांमागे १.११ मृत्यू होते, ते १.३४ झाले. २०२१ ला एकूण आकडा ४३ हजारांच्या आसपास.

भारतात आकडा घटला, पण कसा ते बघा. २०२० मध्ये अपघात साधारण १८ टक्क्यांनी कमी, जखमी २३ टक्क्यांनी कमी, मृत्यू मात्र १३ टक्क्यांनीच कमी. २०१९ ला दर शंभर अपघातांमागे ३३.७ माणसं दगावत होती, २०२० ला ३६, २०२१ ला ३७.३. आणि २०२१ चे मृत्यू १,५३,९७२, म्हणजे साथीआधीच्या २०१९ पेक्षाही (१,५१,११३) जास्त. दुसरी लाट त्याच वर्षातली.

उलट बाजूला युरोपीय संघ: २०१९ चे सुमारे २२,८०० मृत्यू २०२० ला १८,८०० वर आले. जपानमध्ये २,८३९, म्हणजे नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तीन हजारांच्या खाली.

विषाणू एकच, घरी बसणंही थोड्याफार फरकाने तेच. मग कुठे मृत्यू घटले, कुठे वाढले, कुठे अपघात कमी झाले पण जास्त जीवघेणे ठरले, असं का? आणि अपघात रोखण्याचं काम करणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं? जाणकारांनी लिहावं.

बिनब्रेकी_बंड्या

सोप्पंय. रस्ता मोकळा दिसला की पाय दाबला जातो. संपला धागा.

तिरपी_रेघ

बंड्या, मग जपान्यांना पाय नाहीत का?

मोजपट्टी

बंड्या म्हणतात ते खरंच आहे, पण त्याचं गणित मांडल्याशिवाय त्यातली गोम कळत नाही. पोटापाण्याचा धंदा रस्ते आखण्याचा असल्याने जरा लांबड लावतो.

सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, हा आमच्या क्षेत्रातला ठोकताळा. जागतिक आरोग्य संघटनाही तोच वापरते. आता समजा वाहतूक ३० टक्क्यांनी घटली, पण जे रस्त्यावर उरले त्यांचा सरासरी वेग १० टक्क्यांनी वाढला. वेगामुळे धोका साधारण १.४६ पट. ०.७० गुणिले १.४६ करून बघा, एकच्या किंचित वर उत्तर येतं. तीस टक्के गाड्या घरी बसल्या आणि मृत्यूंच्या आकड्यात फरक शून्य! दहा टक्के म्हणजे काही फार नाही हो. पन्नासचे पंचावन्न. चालवणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही.

दुसरा हिशेब थांबण्याच्या अंतराचा. कोरडा रस्ता, ब्रेक चांगले, समोरचं संकट कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद. ताशी ६० ची गाडी साधारण ४५ मीटरमध्ये उभी राहते. त्याच जागी ८० च्या गाडीच्या चालकाला संकट कळलं आणि त्यानेही दीड सेकंदाने ब्रेक मारला, तर ४५ मीटरच्या खुणेपाशी तिचा वेग अजून ६५ च्या घरात असतो. पहिली गाडी जिथे थांबली, तिथेच दुसरी माणसाला ६५ ने धडकते. ५० ऐवजी ६५ ने धडक बसली तर पादचारी मरण्याची शक्यता साडेचार पट होते.

आता मूळ प्रश्न. आपल्या रस्त्यांवर वेग कोण आवरत होतं? पाटी नव्हे. पोलीसही थोडे. आवरत होती ती गर्दी. पुढची गाडी हलत नाही म्हणून मागची हळू. आम्ही शहरातून चार-सहा पदरी रुंद, सरळसोट रस्ते काढतो, साडेतीन मीटरची मार्गिका देतो, झाडं बाजूला सारतो आणि शेवटी ५० ची पाटी ठोकतो. रस्ता चालकाला ८० सांगतो, पाटी ५० सांगते. कोंडी असते तोवर हे भांडण झाकलेलं राहतं. साथीने कोंडी उचलून नेली आणि रस्त्याचा खरा वेग उघडा पडला. ज्या देशांत अरुंद मार्गिका, चौकात उंचावलेली क्रॉसिंग, गोल चौक, कॅमेरे असं आधीपासून भक्कम होतं, तिथे गर्दी गेल्यावरही वेगाला आवर घालणारं काहीतरी शिल्लक होतं. युरोपातले सगळे देश एका माळेचे मणी नाहीत हे मान्य, पण फरकाची दिशा हीच.

अपूर्णांक

मोजपट्टी, प्रतिसाद आवडला. पण धागाकर्त्यांच्या एका आकड्यावर माझा आक्षेप आहे. 'शंभर अपघातांमागे मृत्यू' हे माप साथीच्या काळात दगा देतं. टाळेबंदीत किरकोळ खरचटलेला माणूस ना पोलिसांत गेला ना दवाखान्यात, संसर्गाची भीती होती. मृत्यू मात्र लपत नाही. म्हणजे छेद आपोआप लहान झाला आणि गुणोत्तर फुगलं. अपघात खरोखर किती भयंकर झाले आणि किती नोंदीतून निसटले, हे त्या एका आकड्यावरून सांगता येणार नाही.

मैलांमागचा दर जास्त भरवशाचा, कारण तिथे छेदात अंतर आहे. अमेरिकेची वाढ म्हणूनच खरी मानावी लागते.

छेद विसरल्यावर कशी फसगत होते त्याचं ब्रिटन हे नमुनेदार उदाहरण. २०२० मध्ये तिथले एकूण रस्ते-मृत्यू १,७५२ वरून १,४६० वर आले, १७ टक्के घट. वाहतूक मात्र २१ टक्क्यांनी घटली होती, म्हणजे शाबासकी देण्याआधी थांबा. त्यातही सायकलस्वारांचे मृत्यू १०० वरून १४१ झाले. 'सायकल जीवघेणी!' असे मथळे द्यायला मोकळे. पण त्याच वर्षी सायकलवर कापलेलं अंतर सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलं होतं. मैलामागे हिशेब केला तर धोका वाढला नाही, किंचित उतरलाच. आणि तरीही त्या जास्तीच्या ४१ घरांना या हिशेबाचं काय कौतुक? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

खुसपट

सगळं खापर वेगावर फोडून मोकळे होऊ नका राव. त्याच अमेरिकेत २०२० मध्ये दारूशी संबंधित अपघातांतले मृत्यू १४ टक्क्यांनी वाढले, सीटबेल्ट न लावलेल्यांचेही १४ टक्क्यांनी. सीटबेल्टचा आणि मोकळ्या रस्त्याचा काय संबंध? रुंद मार्गिकेने बेल्ट काढून ठेवला?

शिवाय मंदीत अपघात घटतात हा जुना अनुभव. २००७ ला तिथे ४१,२५९ मेले होते, २००९ ला ३३,८८३. २०२० ला तर एका फटक्यात त्याहून मोठी बेकारी आली. मग जुना नियम उलटा का फिरला?

मोजपट्टी

अतिवेगाच्या अपघातांत मेलेल्यांची वाढ १७ टक्के आहे, तीही लिहा की. बेल्टचा मुद्दा मात्र रास्त आहे, तो रस्त्याच्या आखणीत बसत नाही.

चौथी_खिडकी

खुसपट यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर. मी सार्वजनिक आरोग्याची विद्यार्थिनी आहे.

मंदीत आधी कोणाचं गाडी चालवणं कमी होतं? तरुणांचं, रात्री उशिरा भटकणाऱ्यांचं, हौसेने लांब जाणाऱ्यांचं. पैसा नाही म्हणून तेच आधी थांबतात, आणि जास्त धोका पत्करणारेही तेच. साथीत चाळणी उलटी लागली. सावध स्वभावाचे, वयस्कर, घरून काम करण्याची सोय असलेले आत बसले. रस्त्यावर उरले ते एकतर पोटासाठी बाहेर पडावंच लागणारे, नाहीतर नियम आणि धोका दोन्ही फारसे न मानणारे. सरासरी चालक बदलला. बेल्ट न लावणाऱ्यांचा टक्का वाढण्यात याचा वाटा असणार. त्यात ताण, एकटेपणा, घरात वाढलेलं पिणं.

आणि तपासणी थांबली ते वेगळंच. एकाच यंत्रात चालकामागून चालकाने फुंकायचं, हे संसर्गाच्या काळात कोण करणार? बऱ्याच ठिकाणी फुंकून करायची तपासणी बंद किंवा नावापुरती राहिली. पोलीस टाळेबंदीच्या बंदोबस्ताला. 'पकडतील' ही धास्ती गेली की कायदा कागदावर उरतो.

दारूचा परिणाम वेगळा काढून बघायचा तर दक्षिण आफ्रिका. तिथे २७ मार्च २०२० पासून टाळेबंदीबरोबर दारूविक्रीही बंद झाली. १ जूनला विक्री सुरू झाली आणि अपघात-मारामारीचे जखमी रुग्णालयांत पुन्हा लोटले. १२ जुलैला सरकारने पुन्हा बंदी घातली, आणि कारण उघड सांगितलं: कोविडच्या रुग्णांसाठी खाटा मोकळ्या हव्यात. पुढे डिसेंबरअखेर तिसऱ्यांदा बंदी. अशी बंदी कायम ठेवावी असं मी म्हणत नाही, चोरटी विक्री आणि बुडालेला रोजगार ही किंमत मोठीच होती. पण जखमींचा ओघ धोरणाने इतक्या पटकन वर-खाली होतो हे इतकं लख्ख क्वचितच दिसतं.

बिनब्रेकी_बंड्या

म्हणजे मी म्हणालो तेच, फक्त दोनशे ओळींत. 😄

रात्रपाळी

वाचनमात्र राहणार होतो, पण खाटांचा विषय निघाला म्हणून लिहितो. अपघात विभागात डॉक्टर आहे.

साथीत अपघाताचा रुग्ण आला की चाचणीचा निकाल येईपर्यंत तो बाधितच धरायचा. डोक्याला मार, दारूचा वास, बेशुद्ध. खोकला-ताप होता का हे सांगायला शुद्धीवरचं कोणी नाही. नातेवाईक दाराबाहेर. अपघात कसा झाला, कोणत्या बाजूने धडक बसली, गाडी किती जोरात होती, ही माहिती एरवी सोबत आलेला माणूस देतो आणि तिच्यावरून पोटात कुठे रक्तस्राव असेल याचा अंदाज बांधतात. ती बंद.

पीपीई किटमध्ये स्टेथोस्कोप कानाला लागत नाही. फासळ्या मोडून फुप्फुसाभोवती हवा साठली आहे का हे ऐकून ठरवायची सवय. आता ऐकूच येत नाही. गॉगलवर वाफ. मणक्याला इजा असेल तर रुग्णाला कुशीवर वळवायला एकाच वेळी चार-पाच जण लागतात, ते सगळे किट चढवून तयार होईपर्यंत थांबा. एकाचा सीटी स्कॅन झाला की खोली निर्जंतुक होईपर्यंत दुसरा बाहेर. पहिल्या तासात मिनिटं मोजायची, आणि ती अशी जातात.

खाटांचंही सांगतो. डोक्याच्या गंभीर इजेचा तरुण रुग्ण व्हेंटिलेटरवर गेला की दोन-चार दिवसांत सुटत नाही, आठवडे जातात. ऐन लाटेत असा एक रुग्ण म्हणजे श्वासासाठी धडपडणाऱ्या कितीतरी लोकांची अडलेली जागा. रोजच्या कामकाजात आम्ही ही निवड नशिबावर सोडू शकत होतो, तेव्हा सोडता आली नाही. म्हणून मी कायम म्हणत आलोय, साथीच्या पहिल्याच दिवशी वेगमर्यादा खाली आणा. मास्कइतकाच तोही साथ आवरण्याचाच उपाय आहे, खाटा वाचवतो.

अर्धाविसावा

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. मी त्या काळात दुचाकीवरून घरपोच वस्तू पोचवायचो, म्हणून दुसरी बाजू.

मास्क लावून हेल्मेट घातलं की श्वासाची वाफ सरळ काचेवर. पुढचं दिसेना म्हणून काच वर करून चालवायची, मग डोळ्यांत धूळ, किडे, पाऊस. हातमोज्यांनी फोनचा पडदा चालत नाही म्हणून एक मोजा काढलेला. फोनवर उलटी मोजणी चालू, उशीर झाला की गुण कमी, गुण कमी की पुढची कामं कमी. रस्ता मोकळा असल्याने ॲपलाही सवय लागली, पोचण्याची वेळ आकसत गेली. नंतर गर्दी परतली, वेळ काही वाढली नाही. ज्या कंपनीत होतो तिचं नाव घेत नाही, बाकीच्यांचं फार वेगळं नव्हतं.

धोका न मानणारे रस्त्यावर उरले असं वर लिहिलंय. आम्ही धोका मानत होतो हो. पर्याय नव्हता.

चौथी_खिडकी

अर्धाविसावा, तुमचा शेवटचा परिच्छेद मान्य. 'एकतर पोटासाठी' असं मी लिहिलं होतं, पण अर्ध्या वाक्यात उरकलं. खरं तर मोठी गोष्ट तीच आहे. जगात रस्त्यावर मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले. साथीत लोक बस-रेल्वेला घाबरून दुचाकीकडे वळले आणि घरपोच सेवाही दुचाकीवरच वाढली.

असं एकदा झालेलं आहे. २००१ च्या सप्टेंबर हल्ल्यांनंतर अमेरिकेत लोक विमान टाळून मोटारीने जायला लागले. गेर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञाने हिशेब मांडला: पुढच्या वर्षभरात त्यापायी रस्त्यावर सुमारे दीड हजार जास्तीचे बळी. एका धोक्याला भिऊन माणूस दुसऱ्यात जातो आणि दुसरा सवयीचा असल्याने दिसत नाही. बस जास्त हवेशीर आणि जास्त फेऱ्यांची ठेवणं हासुद्धा अपघात टाळण्याचाच उपाय होता, त्या नजरेने फार कमी ठिकाणी बघितलं गेलं.

जुनाट_डायरी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. अपघात आणि साथ यांची सांगड नवी नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत रस्ते-सुरक्षेसाठी संघीय यंत्रणा उभी राहिली तेव्हा तिचा पहिला प्रमुख पोलीस किंवा अभियंता नव्हता, साथरोगशास्त्र शिकलेला डॉक्टर होता: विल्यम हॅडन. रोगात जसा जंतू, तशी इजेत ऊर्जा, अशी त्याची मांडणी. शरीराला पेलवणार नाही इतकी ऊर्जा पोचली की इजा. मग ती पोचू देऊ नका, वाटेत अडवा, नाहीतर पोचल्यावर नुकसान आवरा. त्याचा तक्ता आजही शिकवतात: धडकेआधी, धडकेत, धडकेनंतर, आणि प्रत्येकात माणूस, वाहन, परिसर.

या धाग्यावरचे प्रतिसाद त्या तक्त्यात टाकून बघा. धडकेआधीच्या रकान्यात गेलेली गर्दी, थांबलेली तपासणी, ॲपची उलटी मोजणी. धडकेत न लावलेला बेल्ट, आणि ६५ चा वेग. धडकेनंतर डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं. साथीने एकाच वेळी तिन्ही रकान्यांत हात घातला. आणि जे उपाय रोज माणूस उभा करून चालवावे लागतात ते आधी कोसळले, जे रस्त्यात आणि वाहनात कायमचे बसवलेले होते ते टिकले.

योगायोगही कसा, रस्ते-सुरक्षेची तिसरी जागतिक मंत्रिपरिषद स्टॉकहोमला फेब्रुवारी २०२० मध्ये भरली. माणसं आणि वाहनं मिसळतात तिथे कमाल वेग ३० ठेवा, असं तिथे ठरलं. काही आठवड्यांत अख्खं जग बंद.

खुसपट

परिषदा होतच असतात. पुढे काय झालं ते सांगा.

जुनाट_डायरी

झालं की. ब्रसेल्सने १ जानेवारी २०२१ पासून शहरभर ३० ही मूळ मर्यादा केली, पॅरिसने त्याच वर्षी ऑगस्टअखेर. स्पेनने मे २०२१ पासून प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या शहरी रस्त्यांवर देशभर ३०. ऑगस्ट २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत मृत्यू आणि इजा निम्म्यावर आणायचं ठरवलं. जगाचा २०२१ चा आकडा मात्र ११ लाख ९० हजार, २०१० पेक्षा जेमतेम ५ टक्के कमी. तुमचं खुसपट तिथे लागू पडतं.

संपादक_मंडळ

दारूबंदी असावी की नसावी यावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा.

मोजपट्टी

डॉक्टरांच्या सूचनेवर. पहिल्याच दिवशी मर्यादा खाली आणा, याला विरोध नाही, पण नुसत्या पाटीने वेग उतरत नाही हेच तर २०२० ने दाखवलं. रिकाम्या सहा पदरी रस्त्यावर ३० ची पाटी लावलीत तर चालक तिला हसून पुढे जाईल, आणि हसायची सवय लागली की पुढची पाटीही गेली.

रस्ता एका रात्रीत अरुंद करता येतो. कोलंबियातल्या बोगोटाने मार्च २०२० मध्येच शंकू आणि प्लास्टिकचे अडथळे मांडून मोटारींच्या मार्गिका सायकलींना दिल्या, ७० किलोमीटरच्या वर. बर्लिनने पिवळ्या पट्ट्या आणि हलवता येणारे अडथळे लावून तेच केलं. पॅरिसने रिव्होली रस्ता मे २०२० पासून बहुतेक मोटारींना बंद केला. या सगळ्याची चर्चा सायकलींची सोय म्हणून झाली. माझ्या मते निम्मा फायदा उरलेल्या मोटारींचा वेग उतरण्यात आहे. डांबर उकरावं लागत नाही, निविदेला वर्ष जात नाही, नाही पटलं तर उचलून ठेवा.

रात्रपाळी

पण मार्गिका आवळल्यावर रुग्णवाहिका कुठून जाणार? आमच्याकडे ती अडकली तर तुमचं गणित माझ्या टेबलावर येतं.

मोजपट्टी

रास्त शंका. रुग्णवाहिकेची रुंदी साधारण दोन-सव्वादोन मीटर, तिला तीन मीटरची मार्गिका पुरते. अडथळा काँक्रीटचा न ठेवता लवचिक प्लास्टिकच्या खांबांचा ठेवायचा, वेळ पडली तर त्यावरून जाता येतं. उलट रिकामी सायकल-मार्गिका पुरेशी रुंद असेल तर रुग्णवाहिका कोंडीला वळसा घालून तिच्यातूनच निघते. मात्र सुरुवात एकदम काटकोनात करायची नाही. आधी शंकू जवळजवळ लावत रस्ता हळूहळू निमुळता करत न्यायचा, प्रत्येकाला प्रकाश परतवणारे दोन पट्टे, आणि रुंदी कुठून आवळायला लागते त्याची पाटी बरीच आधी. हे चुकलं तर रात्री पहिल्याच शंकूपाशी अपघात होतो.

अर्धाविसावा

आणि दुचाकीवाल्यासाठी एक जोडा: रस्त्यावर मारायचा रंग घसरडा नको. पावसात त्या गुळगुळीत पट्ट्यावर ब्रेक मारला की चाक सुटतं. खरखरीत रंग मिळतो, तोच मागवा.